तिकडे कुठली बस जाते?

ताई, नमस्कार.
आम्ही रामबागेतल्या सासरच्या घरातून निपानियाच्या फ्लॅटमध्ये राहायला जातोय. मुलगा साडेपाच वर्षांचा, मुलगी दोनची. सासू-सासरे रामबागेतच राहणार, सासऱ्यांना राजवाड्यापासून लांब जायचं नाही. सामान हलवायच्या दिवसांत मुलं कोण सांभाळणार यावरून सध्या रणकंदन चाललंय. नणंद म्हणते, मुलाला दहा दिवस उज्जैनला पाठव. माझी आई ग्वाल्हेरहून येतेय, तिचं म्हणणं, दोघंही माझ्याजवळच राहतील. दोघी एकमेकींवर रुसल्या आहेत आणि फोन मात्र मला येतात. सासूबाईंना यातून मोकळं ठेवलंय. मी बँकेत असताना पाच वर्षं मुलं त्यांनीच बघितली, आता त्यांना आराम. पण त्या पॅकिंगलाही हात लावत नाहीत, नुसत्या बसून असतात आणि रोज विचारतात, तिकडे कुठली बस जाते. पुढचा प्रश्न नाही, सोसायटीतच डे-केअर आहे. आई आणि नणंद, कुणाला नाही म्हणू, आणि कसं?
– स., इंदूर

प्रिय स.,

आई आणि नणंद थांबतील. आधी मला सांग, कुठली बस जाते?

तुझं पत्र मी परत परत वाचलं, त्यात याचं उत्तर नाही. सासूबाई रोज विचारतात असं लिहिलंयस. एखाद्या बाईला तोच प्रश्न रोज विचारावा लागतो, याचा अर्थ आदल्या दिवशी तिला कुणी उत्तर दिलेलं नसतं. तू दिलं नाहीस, तुझ्या नवऱ्यानंही दिलं नाही. नव्या घराचे परदे, कपाटं, पॅकर्सचे दर, सगळ्याची चौकशी झाली असेल. ही एक चौकशी कुणालाच करावीशी वाटली नाही, आणि याचा मला राग आलाय.

त्यांचा प्रश्न सोपाही नाही. रामबागेतून निपानिया म्हणजे भर शहर ओलांडून विजयनगर, तिथून बॉम्बे हॉस्पिटलचा चौराहा आणि त्याच्याही पुढे. मध्ये एकदा तरी बदलावं लागेल. त्यात ए. बी. रोडवर स्वतंत्र मार्गिकेतून धावणारी आयबस 2013 पासून लोकांच्या अंगवळणी पडली होती. ती मार्गिका काढायला हायकोर्टानं 2025 च्या फेब्रुवारीत परवानगी दिली आणि तोडफोड सुरू झाली, तेव्हा रोज जाणारेही गोंधळले. ज्या बाईची पाच वर्षं दोन मुलांमागे घरातच गेली, तिला आज कुठून चढायचं आणि कुठे उतरायचं हे कसं कळावं?

आणि त्यांनी काय विचारलं ते नीट बघ. 'मला घ्यायला याल का' असं त्या म्हणाल्या नाहीत. 'रविवारी आणाल ना मुलांना' असंही नाही. त्यांनी बस विचारली. म्हणजे मुलाच्या सवडीवर, सुनेच्या मर्जीवर आणि गाडीत जागा आहे की नाही यावर अवलंबून न राहता, स्वतःच्या पायांनी नातवंडांपर्यंत पोचायचा रस्ता त्यांना हवाय. इतकं स्वाभिमानानं आणि इतक्या कमी शब्दांत विचारलंय, की तुला ती म्हातारपणची कटकट वाटली.

त्या पॅकिंगला हात लावत नाहीत याचं तुला नवल वाटतं. अगं, कुणाचे कपडे खोक्यात भरायला सांगतेयस त्यांना?

'सासूबाईंना मोकळं ठेवलंय' हे तू चांगल्या मनानं लिहिलं असशील. पण त्यांना विचारलं होतंस का? पाच वर्षं जिच्या दिवसाचा प्रत्येक तास या दोन लेकरांनी भरलेला होता, तिला तू एका वाक्यात निवृत्त केलंस आणि पुढच्या वाक्यात डे-केअर आणलंस. डे-केअर चांगलंच असेल, मी त्याच्या विरुद्ध नाही. नोकरी करणाऱ्या बाईला ते लागतं, आणि अडीच-तीन वर्षांच्या मुलांना तिथे गंमतही येते. पण हा निर्णय सासूबाईंना समोर बसवून कुणी सांगितलाय का? की सोसायटीच्या माहितीपत्रकावरून त्यांनाच तो समजून घ्यावा लागला?

आता मुलांकडे ये. तुझी मुलगी दुपारी काय धरून झोपते? तिला भात किती मऊ लागतो? सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की ओला कचरा टाकायला आजीबरोबर कोण धावतं? ताप चढायच्या आधी मुलगा गप्प होतो की चिडचिड करतो? तुझ्या आईला यातलं काही माहीत नसणार, नणंदेलाही नाही. रागावू नकोस, पण साडेनऊ ते सहा तू बँकेत असतेस, तेव्हा तुलाही अर्धंच माहीत असेल. दोन वर्षांच्या मुलाला 'दहा दिवस' म्हणजे काय हे कळत नाही. त्याला एवढंच कळतं की भिंती बदलल्या आणि रोजचं माणूसही दिसत नाही. घर बदलताना लहान मुलं बिथरतात, रात्री उठतात, कोरडी राहणारी पुन्हा गादी ओली करतात. हे काही आठवडे चालतं आणि मग सरतं. मात्र त्याच दिवसांत त्यांची आजीही काढून घेतलीस, तर ते लांबेल आणि त्याचं खापर तू नव्या घरावर फोडशील.

मुलगा तर साडेपाचचा, त्याला सगळं समजतं. त्याला उज्जैनला पाठवायचं, आणि तो परत येईपर्यंत त्याची खोली रिकामी करून टाकायची, असा हा बेत आहे. तो मला मुळीच मंजूर नाही. त्याला आजच सांग की आपण राहायला जाणार आहोत, आजी-आजोबा इथेच असतील, आणि आजी अमक्या वारी आपल्याकडे येईल. वार ठरल्याशिवाय हे वाक्य पूर्ण होत नाही, म्हणून आधी वार ठरव.

तू विचारलंस कुणाला नाही म्हणू. दोघींनाही म्हण. सामान हलेल त्या दिवशी दोन्ही मुलं रामबागेत, आजीजवळ, रोजच्या गादीवर राहतील. त्या दिवशी दोन्ही घरांची दारं सताड उघडी असतात, हमाल आत-बाहेर करतात, औषधाच्या पिशव्या जमिनीवर पडलेल्या असतात, पाण्यानं भरलेल्या बादल्या वाटेत असतात, आणि सगळ्यांचं लक्ष आहे म्हणता म्हणता मुलाकडे कुणाचंच नसतं. तिथे मुलांचं काय काम? आईला निपानियात बोलाव, स्वयंपाकघर लावायला तिच्यासारखं माणूस नाही. नणंदेला सांग, उन्हाळ्याच्या सुट्टीत भाच्याला पाठवते. रुसतील, दोन दिवसांनी बोलतील. मुलीची गोधडी न धुता वेगळी ठेव आणि लसीकरणाचं कार्ड पॅकर्सकडे देऊ नकोस, तुझ्या पर्समध्ये असू दे. पलंग लागले, खिडक्यांच्या जाळ्या तपासून झाल्या, की दुसऱ्या दिवशी सासूबाईंनीच मुलांना घेऊन यावं आणि चार रात्री राहावं.

पण याच्या आधी एक काम कर. या आठवड्यात बँकेतून एक दिवस रजा घे. शनिवार-रविवार नको, गर्दीचा खरा अंदाज येणार नाही. नवऱ्याला सांगू नकोस, तो गाडी काढेल. सासूबाई, तू आणि दोन्ही मुलं, राजवाड्याहून बसनं निघा. कुठे चढायचं, कुठे उतरायचं, विजयनगरहून पुढे ई-रिक्षावाला किती घेतो, हे सगळं त्यांना स्वतःला विचारू दे. तू मध्ये बोलू नकोस. रिकाम्या फ्लॅटमध्ये चटई टाकून जेवा. डबा त्यांनाच करू दे, त्या नक्की जास्तच करतील. जेवताना त्यांना विचार, आठवड्यातले कुठले दोन दिवस मुलं तुमची. त्या सांगतील ते दोन दिवस डे-केअरमधून वगळ. आणि फाटकावरच्या वॉचमनला सांग, ही या घरातली आजी, यांना कधीही अडवायचं नाही.

येताना तू मुलांना घेऊन ऑटोनं ये. त्या बसनं एकट्या येतील. नंबर तोपर्यंत त्यांना पाठ झाला असेल. तो त्यांच्याकडून लिहून घे आणि मग पॅकर्सना तारीख दे.

– ताई