रबरी ग्रिप देण्याआधी

रिव्हॉल्व्हरच्या मुठीवरच्या जुन्या रबरी ग्रिप फुकट देतोयस, छानच. पण नुसतं 'स्मिथ अँड वेसनच्या' म्हणून भागत नाही. या अमेरिकन कंपनीच्या रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्यांना, म्हणजे फ्रेमना, मापानुसार अक्षरं असतात: जे फ्रेम लहान, के आणि एल यांची मूठ एकाच मापाची, एन त्याहून मोठी. शिवाय मुठीचं बूड गोल की चौकोनी, तेही सांग. गोल बुडाची ग्रिप चौकोनी फ्रेमवर चढत नाही. आतल्या बाजूचा फोटो टाक, बाहेरून सगळ्या सारख्याच काळ्या दिसतात.

होग कंपनीची एकसंध ग्रिप असेल तर खालचा स्क्रू काढून ती खाली ओढायची. त्याआधी सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचं फिरतं नळकांडं, उघडून गोळ्यांची सगळी घरं रिकामी आहेत ना, ते बघ. ग्रिप निघाली तरी आतली धातूची रिकीब, म्हणजे स्क्रू जिच्यात बसतो ती कडी, फ्रेमच्या पिनवरच लटकलेली राहते. माझी तशीच राहिली होती, मग दुसरं पाकीट पाठवावं लागलं! रिकीब आणि स्क्रू छोट्या पिशवीत एकत्र घाल.

ग्रिप धुवायला साबण, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश पुरे. बंदूक साफ करायचं सॉल्व्हंट नको, रबर चिकट होतं. ग्रिपखाली घाम साचून फ्रेमला गंज धरतो, तेही बघून घे.

अमेरिकेत नुसती ग्रिप म्हणजे बंदूक नव्हे, मध्ये परवानाधारक बंदूक-डीलर लागत नाही. टपालखर्च मागायला लाजू नकोस. भारतातल्या मित्राला मात्र पाठवू नकोस. तिथल्या 1959च्या शस्त्र कायद्यात शस्त्रांचे भागही शस्त्रांतच मोडतात.