चतुर आणि टाचणी यांची शास्त्रीय नावं कशी ठरतात? एकाच टाचणीला दोन नावं का सापडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या पाषाण तलावाच्या काठी तीन फोटो मिळाले. एक लालभडक चतुर, एक पिवळी टाचणी (चतुराचाच बारीक अंगाचा भाऊबंद) जिच्या शेपटीचं टोक निळं आहे, आणि एक मातकट पिवळा चतुर. फोटोवरून जीव ओळखणाऱ्या ॲपने टाचणीला ‘इश्नुरा ऑरोरा’ म्हटलं, एका यादीत तीच ‘इश्नुरा रुबिलिओ’ म्हणून सापडली आणि लाल चतुराला तर ॲपने तीन-तीन नावं सुचवली. मग ही नावं ठरवतं कोण, आणि कशावरून?

टाचणीचं आधी उरकते. ती रुबिलिओ. ऑरोरा हे नाव ब्राउअर यांनी १८६५ मध्ये दिलेलं, रुबिलिओ हे बेल्जियमच्या सेलिस-लाँगशाँ यांनी १८७६ मध्ये. पुढे दोन्ही एकच समजून आपल्याकडची टाचणी कित्येक वर्षं ऑरोरा म्हणून, नाहीतर ऑरोराची उपजाती म्हणून नोंदली गेली. अलीकडे नरांच्या शेपटीची टोकं पुन्हा नीट तपासली गेली, तेव्हा ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिककडची जाती वेगळी, आपल्याकडची वेगळी, असं ठरलं. नवं नाव शोधायची गरजच पडली नाही, रुबिलिओ कागदोपत्री पडून होतंच. जुन्या पुस्तकांत आणि जुन्या फोटोंखाली मात्र अजून ऑरोराच लिहिलेलं असतं, आणि ॲप शिकतं ते अशा फोटोंवरूनच.

यात दोन कामं आहेत आणि ती वेगवेगळी धरली तर गोंधळ बराच कमी होतो. हा जीव कोणता, ही एक गोष्ट. त्या जीवाला आज कोणतं नाव लागू आहे, ही दुसरी. पहिलीचं उत्तर चतुराच्या अंगावर असतं, दुसरीचं कागदपत्रांत.

आधी अंगावरचं पाहू. चतुर आणि टाचणी मिळून एक गण होतो, ओडोनाटा. हे नाव फॅब्रिशियस यांनी १७९३ मध्ये दिलं. जगात या गणाच्या सहा हजारांहून अधिक जाती आहेत आणि भारतात पाचशेच्या आसपास. चतुराचे मागचे पंख बुडाशी रुंद असतात, बसल्यावर तो ते पसरून ठेवतो, आणि डोळे इतके मोठे की बहुतेकांचे डोक्यावर एकमेकांना टेकतात. टाचणीचे चारही पंख जवळपास सारखे, बुडाशी निमुळते, बसल्यावर पाठीवर मिटलेले, आणि डोळे डोक्याच्या दोन टोकांना. शाळेत इतकं शिकवतात आणि ते बरोबरच आहे. पण पंखांच्या मिटण्यावर फार भरवसा ठेवू नका. लेस्टिस नावाच्या टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवून बसतात आणि नवखा माणूस त्यांना बेलाशक चतुर म्हणून मोकळा होतो. उलट गॉम्फिडी कुळातले चतुर चांगले दणकट, पण त्यांचे डोळे एकमेकांपासून सुटे. कात्रज किंवा खडकवासल्याच्या काठी काटकीच्या शेंड्यावर बसलेला काळा-पिवळा मोठा चतुर दिसला तर आधी डोळ्यांमधली फट बघा.

दोन्हींच्या अधलंमधलं असं एक छोटं घराणंही आहे, एपिओफ्लेबिया. पंख टाचणीसारखे, धड चतुराचं. भारतातली त्याची जाती दार्जिलिंगकडच्या थंड ओढ्यांत राहते. टिल्यार्ड यांनी १९२१ मध्ये तिला नाव दिलं ते केवळ पाण्यातल्या अळीवरून, प्रौढ चतुर हाती नसताना. पुण्यात ती दिसायची नाही, पण गोष्ट सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

आता पंखांच्या शिरा. माझ्या मते या विषयातली खरी गंमत इथेच आहे आणि फोटो काढणारे नेमकी हीच सोडून देतात. पावसाळा सरता सरता जिन्यातल्या ट्यूबखाली किंवा खिडकीच्या चौकटीत एखादा मेलेला चतुर हमखास सापडतो. झाडूने लोटून देऊ नका. त्याचा एक पुढचा आणि एक मागचा पंख अलगद काढा, पांढऱ्या कागदावर ठेवा आणि घड्याळजी वापरतात तसल्या भिंगातून पाहा. वरच्या कडेच्या साधारण मध्यावर एक बारीक खाच दिसेल, तिला नोडस म्हणतात. टोकाजवळचा रंगीत ठिपका म्हणजे टेरोस्टिग्मा. बुडापासून नोडसपर्यंत कडेलगत आडव्या शिरा असतात, त्या मोजा. तुमची रुबिलिओ ज्या सीनॅग्रिओनिडी कुळातली, त्या कुळात या शिरा दोनच. ताम्हिणीच्या ओढ्यांवर दिसणाऱ्या चमकदार हिरव्या अंगाच्या मोठ्या टाचण्यांत त्या भरपूर. एवढ्या मोजणीवर कूळ बदलतं.

चतुराच्या पंखात बुडाजवळ एक त्रिकोणी कप्पा असतो. एश्निडी कुळात पुढच्या आणि मागच्या दोन्ही पंखांत हा त्रिकोण सारखाच, पंखाच्या लांबीच्या दिशेने ताणलेला. लिबेल्युलिडी कुळात मागचा तसाच राहतो, पण पुढचा वळून पंखाच्या रुंदीच्या दिशेने उभा राहतो. शिवाय लिबेल्युलिडीच्या मागच्या पंखात शिरांनी वेढलेला बुटाच्या आकाराचा भाग असतो, टाच आणि चवडा स्पष्ट ओळखू येण्याइतका. जिन्यात सापडलेल्या पंखात तो बूट दिसला तर कूळ ठरलं. पावसाळ्यात सोसायटीच्या मैदानावर थव्याने उडणारा पिवळसर चतुर, पँटाला फ्लॅव्हेसेन्स, याच कुळातला. ट्यूबखाली मेलेला बहुधा तोच निघतो.

कूळ आणि वंश, म्हणजे जीनस, शिरांवरून बऱ्यापैकी कळतात. जातीसाठी मात्र शेवटी नराच्या शेपटीच्या टोकाकडे जावं लागतं. तिथे पकडीसारखे अवयव असतात. चतुराला वर दोन आणि खाली एक, टाचणीला वर दोन आणि खाली दोन. चतुर नर या पकडीने मादीचं डोकं धरतो, टाचणीचा नर डोक्यामागचा छातीचा पहिला भाग. तलावावर जोडीने उडणारे चतुर तुम्ही पाहिले असतीलच, ती हीच पकड. नराची पकड आणि मादीची धरायची जागा एकमेकांना बसावी लागते. त्यामुळे रंग सारखा असला तरी दोन जातींच्या पकडीत फरक सापडतो. नव्या जातीचं वर्णन छापताना या टोकाची बाजूने, वरून आणि खालून चित्रं देतात ती याच कारणाने.

रंगाचं म्हणाल तर रंग फसवतो. नुकताच अळीतून बाहेर आलेला चतुर फिका आणि लिबलिबीत असतो, खरा रंग नंतर चढतो. डिप्लाकोडिस ट्रिव्हिअलिसचा नर तरुणपणी हिरवट-पिवळा आणि काळा, आणि वय वाढलं की अंगावर निळसर पूड चढून पूर्ण निळा. दोन फोटोंत त्याला दोन जाती समजणारे पुष्कळ. इश्नुरा सेनेगालेन्सिस या टाचणीच्या काही माद्या नराच्याच रंगाच्या असतात, काही नारिंगी. लाल नराची मादी पिवळी असणं तर रोजचंच.

त्यावरून तुमचा लाल चतुर. ॲपने सुचवलेली नावं: क्रोकोथेमिस सर्व्हिलिया, ट्रायथेमिस ऑरोरा आणि ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा. तिन्ही पुण्यात आहेत, तिन्ही लालसर आहेत, म्हणजे ॲप अगदीच मोकाट सुटलेलं नाही. कंटॅमिनाटाच्या नराचे पंखच नारिंगी असतात आणि तो घाणेरड्या पाण्यावरसुद्धा आरामात राहतो. नदीपात्रात काठाच्या गवतावर डझनावारी बसलेले असतात ते हे. ट्रायथेमिस ऑरोराच्या लालीत गुलाबी-जांभळी झाक असते आणि पंखांच्या शिराही लाल. तुमच्या फोटोत पंख स्वच्छ आहेत, मागच्या पंखाच्या बुडाशी तेवढा मधाळ डाग आहे आणि पोटाच्या पाठीवरून बारीक काळी रेघ गेली आहे. क्रोकोथेमिस सर्व्हिलिया, नर. इथे मला शंका नाही.

एक गोष्ट तुमच्या नजरेत आली असेल: टाचणीतही ऑरोरा, चतुरातही ऑरोरा. हे चालतं. एका जीनसमध्ये एक नाव एकदाच वापरता येतं, पण दुसऱ्या जीनसमध्ये तेच पुन्हा आलं तर हरकत नसते. म्हणून नुसतं ‘ऑरोरा दिसली’ असं नोंदवहीत लिहू नये.

आता कागदपत्रांची बाजू. प्राण्यांच्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय नियमावली आहे आणि तिची सुरुवात लिनियस यांच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या १७५८ च्या आवृत्तीपासून धरतात. त्याआधीचं नाव ग्राह्य नाही. लिनियस यांनी चतुर-टाचण्या सरसकट एकाच जीनसमध्ये कोंबल्या होत्या, लिबेल्युला. पुढे जसजसे फरक लक्षात आले तसतशी फोड होत गेली. नावापुढे कंसात लेखक आणि साल दिसतं त्याचा अर्थ इथे आहे. पँटाला फ्लॅव्हेसेन्स (फॅब्रिशियस, १७९८) असं लिहिलं असेल तर फॅब्रिशियस यांनी १७९८ मध्ये जातीला फ्लॅव्हेसेन्स म्हटलं, पण ठेवलं होतं दुसऱ्या जीनसमध्ये. पँटाला हा जीनस हागेन यांनी १८६१ मध्ये केला. कंस नसेल तर जाती आजही मूळच्याच जीनसमध्ये आहे. कंस कुणी हौसेने घालत नाही, त्यामुळे यादी उतरवून घेताना तो गाळू नका.

एकाच जातीला दोघांनी दोन नावं दिली तर सहसा आधीचं टिकतं. आणि प्रत्येक नाव एका प्रत्यक्ष नमुन्याला बांधलेलं असतं, त्याला टाइप म्हणतात. उद्या वाद झाला तर वर्णनातल्या विशेषणांपेक्षा तो नमुना काय सांगतो याला महत्त्व. म्हणूनच संग्रहालयं लागतात. आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथे असे संग्रह जपणं हे कामच आहे.

भारतापुरता पाया घातला तो फ्रेझर यांनी. पेशाने लष्करी डॉक्टर. चतुर-टाचण्यांवरचे त्यांचे तीन खंड १९३३, १९३४ आणि १९३६ मध्ये आले आणि त्यांतल्या ओळखतक्त्यांवर अजूनही काम चालतं. नावं मात्र त्यातून जशीच्या तशी उचलू नका, कारण मधल्या काळात बरंच इकडचं तिकडे झालं आहे. सह्याद्रीच्या ओढ्यांवरची प्रोडॅसिन्युरा ही काळी-लाल टाचणी घ्या. जुन्या याद्यांत ती प्रोटोन्युरिडी कुळात सापडेल. २०१३-१४ च्या सुमारास डीएनएच्या आधाराने कुळांची फेरमांडणी झाली, प्रोटोन्युरिडी हे कूळच मोडीत निघालं आणि आपल्याकडच्या त्या टाचण्या प्लॅटिक्नेमिडिडीमध्ये गेल्या. दिसायला सारख्या म्हणून एकत्र ठेवल्या होत्या, पण नातं जवळचं नव्हतं.

सगळं शोधून झालं असेल असं वाटत असेल तर तसंही नाही. पुण्यातल्या दगडी भिंतींवर, सिमेंटच्या टाकीपाशी एक करडा, ठिपक्याठिपक्यांचा चतुर पोट टेकवून बसतो. भिंतीच्याच रंगाचा, उडाला तरच कळतो. तो ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा, रँबुर यांनी १८४२ मध्ये नाव दिलेला. त्याच्यासारखाच दिसणारा कोकण किनाऱ्यावरचा चतुर वेगळी जाती म्हणून नोंदला गेला तो २०२० मध्ये, ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस. सिंधुदुर्गातून २०१९ मध्ये सेरिअग्रिऑन क्रोमोथोरॅक्स ही टाचणी, २०२२ मध्ये चौकुळ गावाच्या नावाने बर्मागॉम्फस चौकुलेन्सिस हा चतुर. पुण्यातल्या एमआयटी वर्ल्ड पीस युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०२३ मध्ये केरळातल्या एका टाचणीला प्रोटोस्टिक्टा आर्मागेडोनिया नाव दिलं, जगभर कीटक घटताहेत त्याकडे लक्ष वेधायला. नाव कशावरून ठेवायचं याची मोकळीक लेखकाला असते, गावावरून, रंगावरून, माणसावरून. स्वतःचं नाव देण्याची मात्र रीत नाही.

राहिला तिसरा फोटो, मातकट पिवळा. पंख पसरलेले, डोळे टेकलेले, पोट आखूड, म्हणजे लिबेल्युलिडी. बहुधा मादी. पण शेपटीचं टोक गवताआड गेलंय आणि मागच्या पंखाचं बूड धूसर आहे. ती क्रोकोथेमिसची मादी असेल, ट्रायथेमिसची असेल, आणखी कुणाची असेल. ॲपवर नोंद टाकताना कुळापाशी थांबा, खाली जातीचं नाव चिकटवू नका. पुन्हा पाषाणला जाल तेव्हा प्रत्येकाचे तीन फोटो घ्या: वरून पूर्ण पंख, बाजूने छाती आणि पोट, आणि जमेल तितक्या जवळून शेपटीचं टोक. ऊन चढायच्या आत गेलात तर ते बराच वेळ एका जागी बसतात, पकडायची गरज पडत नाही.