डोक्याला जबर मार लागलेल्या नवऱ्याचं सगळं करताना चिडचिड होते, मी वाईट आहे का?

ताई, अजिबात नाही. माझा भाऊ देवगडला आंब्याच्या कलमावरून पडला, 6 वर्षं झाली, आई अजून दर 2 तासांनी त्याला कुशीवर वळवते, रात्रीसुद्धा, नाहीतर पाठीला जखमा होतात. मेंदूच्या पुढच्या भागाला मार लागला की रागावर ताबा राहत नाही, म्हणजे तो पेजेची वाटी भिरकावतो ना तो स्वभाव नाही, इजा आहे, हे कळत असलं तरी रडू येतंच. माणूस समोर असून हरवलेला, हे दुःख सांगणार कुणाला?
आम्ही शेवटी शेजारच्या काकूंना रोज दुपारी थोडा वेळ बसायला सांगितलं, आई तेवढ्यात नुसती झोपते. तुम्ही पण कुणाला तरी सांगा, लाजू नका. अगदीच असह्य झालं तर टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात.