मुलाखतीआधी बसने जाऊन बघ
म्हापशात दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी इंटर्नशिप सुरू करतेयस, फार बरं वाटलं. एकच आग्रह: मुलाखतीआधी मुलाच्या घरापासून ऑफिसपर्यंत स्वतः बसने जाऊन बघ. थांब्यापासून दारापर्यंतच्या पायऱ्या, उघडी गटारं, पावसात साचणारं पाणी, सगळं टिपून ठेव. आमच्याकडे इंटर्नशिपला आलेला पहिला मुलगा कामामुळे नाही, रस्त्यामुळे सोडून गेला. अजून मनाला लागतं ते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, नुसता रॅम्प बांधून भागत नाही. कर्णबधिर मुलीला सूचना लेखी हव्यात की सांकेतिक भाषेत, हे तिलाच विचार, आईबाबांना नंतर. बौद्धिक दिव्यांग मुलाला एका वेळी एकच काम करून दाखव, घाई नको. आणि स्टायपेंड इतरांइतकाच, हे मालकाकडून आधीच लिहून घे.