‘विंटर्स बोन’ सिनेमा पाहून झालाय, आता कादंबरी वाचण्यात काही राम आहे का?

आहे, आणि बराच आहे. शेवट माहीत असल्याने फारसं बिघडत नाही, कारण डॅनियल वुड्रेलच्या या कादंबरीत रहस्य असं फक्त आपल्यापुरतं आणि नायिकेपुरतंच असतं. बाकी अख्ख्या दरीला सगळं ठाऊक आहे.

थोडं विषयांतर करतो. कामानिमित्त काही महिने अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात होतो. सर्दी झाली म्हणून औषधाच्या दुकानात गेलो, तर गोळ्यांच्या एका पाकिटासाठी ओळखपत्र मागितलं आणि नाव-पत्ता लिहून घेतला. मला वाटलं, परका दिसतो म्हणून असेल. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळलं की त्या गोळ्यांतल्या स्यूडोएफेड्रिनपासून घरच्या घरी मेथ हा अमली पदार्थ ‘शिजवतात’ (तिथेही शब्द हाच), म्हणून २००६ पासून देशभर हा कायदाच आहे. अशा घरगुती भट्ट्या पकडल्या जाण्यात मिझुरी वर्षानुवर्षं पहिल्या नंबरावर होतं. कादंबरीही २००६चीच, आणि घडते त्याच राज्यातल्या ओझार्कच्या डोंगराळ भागात.

कादंबरीची नायिका री, सोळा वर्षांची. तिचा बाप जेसप हा असाच मेथ शिजवणारा. जामिनासाठी राहतं घर आणि जंगलाचा तुकडा तारण ठेवून तो गायब झालाय. तारखेला हजर झाला नाही, तर घर जाणार. आई भानावर नाही, पदरात दोन धाकटे भाऊ. मग रीला बापाला शोधत फिरावंच लागतं.

शहरी नॉयरमधला (म्हणजे काळोख्या गुन्हेकथेतला) डिटेक्टिव्ह अनोळखी दारं ठोठावतो. रीच्या प्रत्येक दारामागे मात्र कुणी काका, कुणी लांबचा चुलता. हे वाचताना माझ्या डोक्यात आपला ‘भावकी’ हा शब्द घुमत होता. पोलिसांपुढे सगळे एक, पण आतला माणूस जास्त विचारायला लागला की त्याला गप्प करणारेही तेच. रीला झोडपून काढतात त्याही नात्यातल्याच बायका.

सिनेमात न आलेली गंमत म्हणजे नावं. रीच्या डॉली घराण्यातल्या पुरुषांची नावं ठरलेली: मिल्टन, हॅसलम, आर्थर, जेसप. एकाच नावाचे इतके जण की शेरीफला कुणाची नोंद नीट ठेवताच येऊ नये. परंपराही झाली आणि पळवाटही.

डेब्रा ग्रॅनिकचा सिनेमा (२०१०) मला आवडतो, पण पुस्तकातली थंडी त्यात नाही. पुस्तकात बर्फ सतत अंगावर येतो, आणि त्या बर्फात ही मुलगी कानाला हेडफोन लावून समुद्रकिनाऱ्याचे आवाज ऐकते. सुरुवातीलाच ओढ्यापलीकडच्या नातेवाइकांच्या झाडांना शिकारीचं मांस टांगलेलं दिसतं, आणि घरात खायला धड काही नाही. भाऊ म्हणतो, मागू या का? त्यावर रीचं उत्तर साधारण असं, की जे दुसऱ्याने आपणहून द्यायला हवं, ते कधी मागायचं नाही. हे वाचलं तेव्हाच मी पुस्तक विकत घ्यायचं ठरवलं.

इंग्रजी अवघड जाईल, हे खरं. वुड्रेल बोलीभाषा वाकवतो, नामांची क्रियापदं करतो. पहिली वीस पानं मोठ्याने वाचा, मग कान बसतो.

पुढे वुड्रेलचीच ‘टोमॅटो रेड’ घ्या. ‘द मेड्स व्हर्जन’ (२०१३) थोडी वेगळी आहे: वुड्रेल ज्या गावात राहायचा त्या वेस्ट प्लेन्समध्ये १९२८ साली नृत्यगृहात स्फोट होऊन तीसहून जास्त माणसं गेली आणि कारण कधीच नक्की कळलं नाही. त्या घटनेवर ती बेतलेली आहे. ‘द डेथ ऑफ स्वीट मिस्टर’ मात्र शेवटी ठेवा. तेरा वर्षांचा मुलगा सांगतो ती गोष्ट. घरातला बाप्या त्याला आजारी लोकांच्या घरांतून गोळ्या चोरायला लावतो. ती संपल्यावर मला चार दिवस दुसरं पुस्तक हातात धरवलं नव्हतं.