रडारला न दिसणारा मुक्काम

प्रश्न : पावसाचा वेध घेणाऱ्या रडारवरून स्थलांतरित पक्षी वाटेत कुठे विसावतात हे शोधले जाते, असे वाचले. पण रडार पाहते आकाशात, आणि विसावलेले पक्षी असतात झाडाझुडपांत. मग हे कळते कसे?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. झाडात बसलेला पक्षी हवामान रडारला दिसत नाही. अभ्यासक टिपतात तो त्याच्या निघण्याचा क्षण. बहुसंख्य लहान पक्षी रात्री प्रवास करतात, दिवसा उतरून खातात व विश्रांती घेतात आणि सूर्यास्तानंतर साधारण अर्ध्या-पाऊण तासात जवळजवळ एकाच वेळी झेप घेतात. त्या मोजक्या मिनिटांत ते अजून पांगलेले नसतात, म्हणजे ज्या रानात दिवस काढला त्याच रानाच्या वर असतात. रडारचा सर्वांत खालचा झोत तेव्हा तिथून गेला, तर ज्या तुकड्यावरून प्रतिध्वनी अधिक जोरकस येतो, तिथे दिवसभर अधिक पक्षी होते असे अनुमान करता येते.

यात खरी मेख वेळेची आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने निघालेला पक्षी दहा मिनिटांत सहा-सात किलोमीटर दूर जातो, आणि रानातल्या पक्ष्यांचे श्रेय शेजारच्या शेताला मिळते. म्हणून घड्याळापेक्षा सूर्य क्षितिजाखाली किती अंश गेला आहे यावर गणित मांडले जाते, कारण एकाच रडारच्या टापूतही पूर्वेकडे अंधार आधी पडतो. दुसरी अडचण अंतराची. पृथ्वीच्या वक्रतेमुळे आणि झोताच्या अर्ध्या अंशाच्या चढामुळे ८० किलोमीटरवर झोताचा मध्य जमिनीपासून सुमारे एक किलोमीटर वर गेलेला असतो, त्यामुळे नुकतेच उडालेले पक्षी त्याच्या खालून निसटतात. ही तूट हिशेबाने काही प्रमाणात भरून काढतात, पण फार दूरचा प्रदेश सोडून द्यावा लागतो. शिवाय वारा प्रतिकूल असला की पक्षी निघतच नाहीत, तेव्हा एका संध्याकाळच्या चित्रावर विसंबण्यात अर्थ नाही. अनेक हंगामांची सरासरीच काही सांगू शकते.

पाऊस आणि कीटक वेगळे कसे काढतात, हेही इथेच सांगायला हवे. कीटक बहुधा वाऱ्याबरोबर वाहतात, तर पक्षी स्वतःच्या बळावर वाऱ्याहून वेगळी गती राखतात, आणि हा फरक वेगही मोजणारे डॉप्लर रडार टिपू शकते. अमेरिकेतील रडारांना २०११ ते २०१३ दरम्यान आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही ध्रुवीकरणांच्या, म्हणजे दोन्ही दिशांनी कंपणाऱ्या, लहरी वापरण्याची सोय मिळाल्यावर ही निवड अधिक सोपी झाली. पक्ष्याची जात मात्र रडार सांगत नाही. त्यासाठी दुर्बीण घेतलेला माणूसच लागतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पक्ष्यांमुळे रडारच्या पडद्यावर उमटणाऱ्या गूढ खुणांना रडार चालवणारे ‘देवदूत’ म्हणत. पुढे १९६०च्या दशकात अमेरिकी पक्षी-अभ्यासक सिडनी गोथ्रो यांनी मेक्सिकोचे आखात ओलांडून लुइझियानाच्या किनाऱ्यावर येणारे पक्षी हवामान रडारवर अभ्यासले. आज अमेरिकेत सुमारे १६० रडारांचे जाळे आहे आणि त्याच्या १९९०च्या दशकापासूनच्या नोंदी जपलेल्या आहेत. त्या पावसासाठी घेतल्या गेल्या. पक्षी त्यांत आपसूक नोंदले गेले.

अशा नोंदींतून तयार झालेला नकाशा वाचताना एक सावधगिरी मला फार महत्त्वाची वाटते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील मुक्कामाची घनता, म्हणजे कुठे किती पक्षी विसावतात हे, वर्तवणाऱ्या प्रमुख घटकांत रात्रीचा कृत्रिम प्रकाश आढळला. म्हणजे शहरालगतच्या झाडीत पक्ष्यांची दाटी दिसली, तरी ती झाडी उत्तम आहे म्हणून की दिव्यांनी त्यांना तिकडे ओढले म्हणून, हे नकाशावरून कळत नाही. तिथे त्यांना पोटभर खायला मिळाले का, हे पाहण्यासाठी अभ्यासक आजही जाळ्यात पक्षी पकडतात, त्याच्या पायात कडे घालून वजन करून सोडतात आणि तोच पक्षी एक-दोन दिवसांनी पुन्हा सापडला, तर वजन किती वाढले ते पाहतात.