संस्थेचा आराखडा: वाचकांचे प्रश्न आणि माझी एक जुनी तक्रार

मार्च जवळ आला की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांची भाषा एकच होते. ‘आम्हाला स्ट्रॅटेजिक प्लॅन करून हवाय, सोमवारपर्यंत.’ सोमवारच का, तर सीएसआरचा, म्हणजे कंपनीने सामाजिक कामासाठी द्यायचा निधी ज्यांच्याकडून हवा, त्या कंपनीच्या माणसाने मागितलाय. इतकी वर्षं नाशिक जिल्ह्यातल्या स्वयंसेवी संस्थांबरोबर बसतो आहे, पण कुणी मागितलेला नसताना आपणहून आराखड्याचं विचारायला आलेली संस्था मला दोनदाच भेटली. या खेपेच्या पत्रांतली काही घेतो. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

व्हिजन आणि मिशन यांत फरक काय? (सिन्नर)

गाव कसं व्हावं ते व्हिजन, त्यातलं तुम्ही काय करणार ते मिशन. दोन्ही मिळून चार ओळींच्या वर गेलं तर खोडा.

एका सल्लागाराने ४५ हजारांत पाच वर्षांचा आराखडा, दर्पण नोंदणी, सीएसआर-१ आणि ‘दोन कंपन्यांशी गाठ’ असं पॅकेज सांगितलं आहे. निधी आला की दहा टक्के वेगळे. घ्यावं का? (पंचवटी)

घेऊ नका. नीती आयोगाच्या, स्वयंसेवी संस्थांसाठीच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणी फुकट आहे. कागद हाताशी असतील तर तुमच्या कार्यालयातली कॉलेजची मुलगीसुद्धा ती करेल. सीएसआर-१ हा सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थेने भरायचा कंपनी व्यवहार मंत्रालयाचा अर्ज, १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा. तो सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो. त्यांची रास्त फी जरूर द्या. पण तो नंबर मिळाला म्हणजे फक्त रांगेत उभं राहता येतं. कंपनी त्यापुढे १२ए, ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या) आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा विचारणारच.

आणि ते दहा टक्के. मुलांच्या वह्यांसाठी आलेल्या पैशातून दलाली दिली, हे हिशेबात कुठल्या खात्यावर टाकणार? हाच प्रश्न त्या सल्लागाराला तुमच्या सीएंसमोर बसवून विचारा. बहुधा तो त्या बैठकीला येणारच नाही. तयार आराखड्यांचं म्हणाल, तर असाच विकत घेतलेला एक मी पाहिलाय. संस्था डोंगरातल्या पेठ तालुक्यातली आणि आराखड्यात मासळी सुकवणाऱ्या महिलांचे बचत गट!

आराखडा तीन वर्षांचा करावा की पाच? (पेठ)

तीन. कंपनीलाही सीएसआरचा चालू प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंतच नेता येतो. दरवर्षी दिवाळीनंतर एक दिवस बसून तो तपासा.

आम्ही पाणी आणि स्थलांतर या विषयांवर काम करतो. सातपूरची एक कंपनी कॉम्प्युटर लॅबसाठी पैसे द्यायला तयार आहे. आराखड्यात शिक्षण घालून टाकावं का? (सुरगाणा)

घालून टाकणं एका वाक्याचं काम आहे, निभावणं तीन वर्षांचं. लॅब उभी राहील. शिकवणाऱ्याचा पगार दुसऱ्या वर्षी कोण देणार? वीज किती तास असते? आणि मुख्य म्हणजे, मुलं असतात का? तुमच्याच पत्रात आहे की ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की कुटुंबंच्या कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातात. मग हिवाळ्यात त्या लॅबमध्ये कोण बसणार?

कंपनीला सरळ नाही म्हणायची गरज नाही. बागेवर गेलेल्या मुलांसाठी तिथेच काही करता येईल, किंवा मागे राहणाऱ्या मुलांची सोय होईल. तुमच्या विषयाला जोडलेलं असं काही त्यांच्यापुढे ठेवून बघा. ते मानले नाहीत तर सोडून द्या. मात्र हा निर्णय एकट्या सचिवाने फोनवर घेऊ नये. कार्यकारिणीत ठेवा, ठराव करा. आणि हो, पाहणी जानेवारीत करू नका. अर्ध्या घरांना कुलूप सापडेल आणि अहवालात गावाची लोकसंख्या घटलेली दिसेल.

संस्थेने पैसे शिल्लक ठेवायचे नसतात, सगळे ३१ मार्चच्या आत संपवावे लागतात, असं ऐकलं. खरं का? (नाशिक रोड)

कुणाकडून ऐकलं? ही अफवा दरवर्षी मार्चमध्ये नव्याने उठते आणि लोक खुर्च्या विकत घेत सुटतात. करसवलतीसाठी उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर लावायची असते. १५ टक्के बिनशर्त ठेवता येते. ८५ टक्क्यांतलंही काही उरत असेल तर ते कशासाठी हे नेमकं लिहून, मुदतीत विहित अर्ज भरून, पाच वर्षांपर्यंत राखून ठेवता येतं. चार-सहा महिन्यांचे पगार भागतील एवढी गंगाजळी नसेल, तर आराखडा पहिल्या उशिरा आलेल्या हप्त्यालाच कोसळतो. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, म्हणून जुन्या फाईलवरून नक्कल करू नका. सीएंकडे जा, आणि २९ मार्चला नव्हे, डिसेंबरात जा.

आमच्या ताईंनी संस्था काढली, आता त्या ७४ वर्षांच्या आहेत. दोन विश्वस्त वारले, एक पुण्याला गेले. २०१४ नंतर बदल अर्ज (विश्वस्त बदलल्याचं धर्मादाय कार्यालयाला कळवणारा) केलेला नाही. ओळखीचे एक जण म्हणतात, आधी आराखडा करून निधी आणा, कागद नंतर एकदम करू. योग्य आहे का? (गंगापूर रोड)

अजिबात नाही. इथे मला जरा जास्त जागा लागेल, कारण हेच पत्र मला गावं बदलून येत असतं.

कायद्याच्या लेखी तुमची संस्था चालवतात ती धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट एकवर, म्हणजे तिथल्या संस्थेच्या नोंदीत, नाव असलेली माणसं. त्यातली दोन हयात नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार बदल झाल्यापासून ९० दिवसांत कळवायचं असतं. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्यात उशिराचं पटण्यासारखं कारण सांगावं लागतं. ‘कामाच्या गडबडीत राहिलं’ हे दहा वर्षांचं कारण कसं चालेल? शिवाय हे बदल एकाला एक बांधलेले असतात. मधला एक अडकला की पुढचे सगळे लटकतात.

‘कागद नंतर’ म्हणणाऱ्या त्या ओळखीच्यांना विचारा, बँकेत सही कोण बदलणार? कंपनी परिशिष्टाची ताजी नक्कल मागेल तेव्हा काय दाखवणार? करनोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या सहा महिने आधी जायला हवा, त्यात विश्वस्त म्हणून कोणाची नावं लिहिणार? आणि उद्या दोन गट पडले, दोघांनी वेगवेगळे बदल अर्ज टाकून एकमेकांवर हरकती घेतल्या, की वर्षं तारखांत जातात. चांगली चाललेली बालवाडी अशा भांडणात बंद पडलेली मी पाहिली आहे. भांडणाऱ्या दोन्ही बाजूंची माणसं चांगलीच होती.

म्हणून उलटं करा. या आठवड्यात संस्थेची घटना शोधा. घटना म्हणजे छापील माहितीपत्रक नव्हे, मंजूर झालेली प्रत. सभेची नोटीस किती दिवसांची, गणपूर्ती किती, विश्वस्त निवडायचा कसा, हे त्यात वाचा. इतिवृत्ताची वही, मृत्यूचे दाखले, पुण्याच्या गृहस्थांचा राजीनामा एकत्र करा. मग धर्मादायचं काम नेहमी करणाऱ्या वकिलाकडे जा, जमिनीचे दावे चालवणाऱ्या मेहुण्याकडे नको. तुमची घटना पाहिल्याशिवाय मी याहून नेमकं सांगणार नाही, आणि जो सांगेल त्याचं ऐकू नका.

आता ताईंबद्दल. त्यांच्याविषयी आदर आहे म्हणूनच लिहितो. तुमच्या दोन पानांच्या पत्रात ‘ते ताईंना माहीत आहे’ हे वाक्य सहा वेळा आलं आहे. पोर्टलचा ओटीपी ताईंच्या मोबाईलवर, देणगीदारांचे फोन त्यांच्या वहीत, गावच्या सरपंचाशी बोलणं त्यांचंच. ताईंना महिनाभर लेकीकडे जाऊ द्या, फोन बंद ठेवून. त्या महिन्यात जे जे अडेल ते लिहून काढा. ती यादी हेच तुमच्या आराखड्याचं पहिलं पान. पुढे ताईंची सून आली तरी हरकत नाही, पण ती घटनेप्रमाणे निवडून यावी आणि ताई असतानाच दोन वर्षं तिने जबाबदारी घेऊन काम करावं. हे सगळं ताईंना सांगायचं कसं, हा तुमचा खरा प्रश्न असणार. एकट्याने सांगू नका. त्या ज्यांचं ऐकतात अशा एखाद्या जुन्या सहकाऱ्याला बरोबर न्या.

आराखडा इंग्रजीतच हवा का? (कळवण)

नाही. जे कार्यकर्ते तो राबवणार त्यांना वाचता आला पाहिजे. कंपनीसाठी नंतर भाषांतर करा.

२०२७ च्या सिंहस्थात आरोग्य शिबिरं घ्यायचा विचार आहे. तीन वर्षांच्या आराखड्यात धरावीत का? (त्र्यंबकेश्वर)

धरू नका. वेगळं अंदाजपत्रक करा, स्वयंसेवक वेगळे ठेवा, नाहीतर वर्षभराचं काम त्या गर्दीत वाहून जाईल. परवानग्यांसाठी प्रशासनाकडे आतापासून लेखी विचारा, तोंडी होकारावर तंबूचा इसार देऊ नका.